ओळखीची गर्दी आणि मंगळवारची दुपार

प्रश्न :

पुण्याच्या सहकारनगरमधल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय ३९. आठ वर्षं त्या घरून ऑर्डरी घेतात. भाजणी, दिवाळीचा फराळ आणि रविवारी सकाळी थालीपीठ-लोण्याच्या तीस-चाळीस प्लेटी. नवरा ४३ वर्षांचा, भोसरीच्या एका कंपनीत पर्चेसला, नोकरीला विटलेला. सासऱ्यांबरोबर टेकडीवर फिरायला येणाऱ्या एका मित्राचा गाळा नुकताच रिकामा झालाय. २२ माणसं बसतील एवढी जागा, भाडं ४५,०००, डिपॉझिट ३ लाख. सासरे रिटायरमेंटच्या पैशातले १० लाख द्यायला तयार आहेत, शिवाय गल्ल्यावर बसायलाही. नवरा म्हणतो, ‘तू किचन बघ, मी बाहेरचं बघतो. सगळा एरिया ओळखीचा आहे, पहिल्या दिवसापासून गर्दी होईल.’ दसऱ्याला नारळ फोडायचा, म्हणून मालकांना उत्तर लगेच हवंय. ताईंना रात्री झोप लागत नाही. मुलगी नववीत आहे. घरात शंका काढली की ‘तू निगेटिव्ह बोलू नकोस’ म्हणतात. त्या विचारतात, ‘मी भित्री आहे का? यांना नाही कसं म्हणू?’

उत्तर :

ताई, भित्र्या अजिबात नाही आहात. पण तुम्हाला ‘नाही’ म्हणायचंय, यावरही माझा विश्वास बसलेला नाही. पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही मेनू लिहून पाठवलाय, त्यात दोन पदार्थ खोडून परत लिहिलेत. ज्याला हॉटेल नकोच आहे तो माणूस रात्री जागून मेनू खोडत बसत नाही. तुम्हाला हॉटेल हवंय, पण ज्या पद्धतीनं ते तुमच्या अंगावर येतंय तसं नकोय. या दोन गोष्टी घरात एकत्र झाल्यात, म्हणून तुम्ही तोंड उघडलं की ते निगेटिव्ह वाटतं.

सगळ्यात आधी त्या ‘ओळखीच्या एरिया’कडे बघू. तुमच्या घरातला सगळा उत्साह त्याच एका गृहीतकावर उभा आहे आणि मला सगळ्यात कच्चं तेच वाटतं.

ओळखीची माणसं येणार, यात शंका नाही. उद्घाटनाला पेढे घेऊन येतील, फोटो काढतील, पहिल्या रविवारी बाहेर बाकड्यावर वाट बघत बसतील. पहिला महिना सुखाचा जाईल. पण ओळखीचं कुटुंब महिन्यातून कितीदा बाहेर खातं आणि त्यातलं कितीदा एकाच ठिकाणी जातं? एक साधं काम करा. तुमची ऑर्डरींची वही काढा. गेल्या तीन महिन्यांत ज्यांनी मागवलं त्यांच्या नावापुढे किती वेळा मागवलं ते लिहा. मग स्वतःला विचारा, यातलं कोण मंगळवारी दुपारी दोन वाजता, स्वतःच्या घरी पोळी-भाजी तयार असताना, जिना उतरून तुमच्याकडे १२० रुपये देऊन जेवेल? बहुतेक नावांपुढे तुम्ही फुली माराल. याचा अर्थ त्यांचं तुमच्यावर प्रेम नाही असा नाही. रोज जेवायला येणं हे प्रेमाचं कामच नाही.

शिवाय ओळखीच्या गिऱ्हाइकाचा एक स्वभाव असतो. मीठ जास्त पडलं तर परका माणूस तोंडावर सांगतो. ओळखीचा ‘छान झालंय गं’ म्हणतो, बिल देतो आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. तुम्हाला कळतच नाही. एखादा ‘घरचंच आहे’ म्हणून सॅम्पल दोनदा मागतो, एखादा ‘महिन्याचं एकदम देतो’ म्हणतो आणि सासऱ्यांच्या मित्रांपुढे गल्ल्यावरचे सासरे काय बोलणार? उधारी आणि ओळखीची सवलत याबद्दल पहिल्या दिवसापासून एकच नियम ठेवा, तोही अगदी कोरडा. यूपीआयचा क्यूआर समोर, उधारी कुणालाच नाही, सख्ख्या नणंदेलाही नाही. एकदा अपवाद झाला की तो एरियाभर पसरतो.

तेव्हा हे हॉटेल अनोळखी माणसांच्या जिवावर चालणार का, हा प्रश्न धरा. याचं उत्तर घरात बसून मिळत नाही. नवऱ्याला एक मंगळवार आणि एक गुरुवार रजा टाकायला सांगा आणि दोघं त्या गाळ्यासमोर सकाळी साडेसहा ते अकरा आणि मग बारा ते तीन उभे राहा. तळजाई टेकडीवरून उतरणारी माणसं त्या रस्त्याला येतात की आधीच्या चौकातून वळतात? जवळ दवाखाने, क्लासेस, बँक आहे का आणि तिथली माणसं दुपारी डबा खातात की बाहेर? दुचाकी लावायला जागा आहे का, की शेजारच्या बंगल्याच्या गेटसमोर लावून रोज भांडण? येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आकडे वहीत लिहा. नवरा पर्चेसमध्ये आहे, मोजल्याशिवाय माल आत घेत नाही. तीच सवय इथे वापरायला सांगा.

आता हिशेब. भाड्याचा आकडा तुम्ही पत्रात दिलायच. पगार मी अंदाजाने धरते. एक आचारी, एक हेल्पर, भांड्यांना मावशी आणि बाहेर दोन मुलं मिळून ८०,००० च्या आत बसणं कठीण. गॅस (हॉटेलला १९ किलोचा व्यावसायिक सिलेंडरच लागतो, घरचा वापरणं बेकायदा आहे), व्यावसायिक दराची वीज, पाणी आणि किरकोळ दुरुस्त्या धरून २५,०००. झाले महिन्याला दीड लाख. माणशी सरासरी बिल जीएसटी वगळून १२० धरलं आणि कच्च्या मालाला ३५ टक्के गेले, तर एका माणसामागे हातात उरतात ७८ रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर फक्त दीड लाख भागवायला रोज ७४ माणसं लागतात. यात तुम्हा दोघांना एक रुपयाही पगार नाही. दोघांचे मिळून ६०,००० धरा, तेही नवऱ्याच्या आजच्या पगारापेक्षा कमीच असणार, तर रोज १०४ माणसं. २२ खुर्च्यांवर प्रत्येक खुर्ची दिवसातून जवळजवळ पाच वेळा भरायला हवी. पावसाळ्यातही, परीक्षांच्या दिवसांतही आणि गणपतीत सगळं पुणं पेठांकडे वळतं तेव्हाही.

माझे आकडे तुमच्याकडे चुकीचे ठरू शकतात. तुमचे घाला. पण स्वतःचा पगार त्यातून गाळू नका. घरून ऑर्डरी करताना आपण स्वतःचे तास कधीच धरत नाही आणि तीच सवय हॉटेलात गेली की ‘धंदा चालतोय पण पैसा दिसत नाही’ असं होतं.

करांचं थोडक्यात सांगते, बाकी सीएला विचारा. रोज १०४ माणसं म्हणजे वर्षाला जवळजवळ ३९ लाखांचा धंदा, म्हणजे २० लाखांची मर्यादा ओलांडून तुम्ही जीएसटीत येणार. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के लागतो, पण खरेदीवर आणि भाड्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. भाड्यावर १८ टक्के लागला तर ४५,००० चे ५३,१०० होतात. तो लागेल का आणि कुणी भरायचा, हे मालकांची नोंदणी आणि तुम्ही जीएसटीची कोणती योजना घेता यावर अवलंबून आहे. सही करण्याआधी विचारा. झोमॅटो-स्विगीवर भिस्त ठेवणार असाल तर त्यांचं कमिशन आणि जाहिराती वेगळ्या मांडा. घरचे भाव तिथे परवडत नाहीत.

तुमच्या मेनूकडे वळते, कारण पत्रात सगळ्यात जीव तिथेच आहे. थालीपीठ, लोणी, ठेचा. बरोबर आहे, तुमची ओळख तीच. पण तव्यासमोर उभं राहून बघा. ओल्या फडक्यावर थापायचं, भोकं पाडायची, तव्यावर उतरवायचं, भोकांत तेल सोडायचं, झाकण ठेवायचं, उलटायचं. भाजणी आतून कच्ची राहू द्यायची नसेल तर एकाला सहा-सात मिनिटं लागतातच. दोन तव्यांवर तासाला सतरा-अठरा. चौघं जण टेबलावर बसले की पहिल्या दोघांचं खाऊन होतं तेव्हा उरलेल्या दोघांचं येतं आणि मागचं टेबल घड्याळाकडे बघत असतं. सकाळच्या अडीच तासांच्या गर्दीत जेमतेम ४०-४५ थालीपिठं निघतील, म्हणजे तुमच्या रविवारच्या प्लेटीएवढीच. डोशाला असतो तसा मोठा तवा घेतला तर एकावेळी सहा बसतील, पण आच सगळीकडे सारखी नसते, झाकणाचा प्रश्न येतो आणि चव नव्याने बसवावी लागते. मग मेनूत अशा गोष्टी हव्यात ज्या पातेल्यात तयार असतात आणि दोन मिनिटांत प्लेटमध्ये जातात. पोहे, उपमा, मिसळीचा कट, साबुदाण्याची खिचडी. थालीपीठ त्यांच्या मधोमध मिरवायचं. तुम्ही बावीस पदार्थ लिहिलेत, मी आठवर थांबले असते. जितके पदार्थ जास्त तितका संध्याकाळी टाकून द्यायचा माल जास्त.

आणि हो, आचारी. तुमच्या हातची चव ही तुमची पुंजी आहे, पण ती तुमच्या हातातच राहिली तर तुम्ही तापानं पडलात की हॉटेल बंद. भाजणीचं प्रमाण, कटाचा मसाला, मिठाचे चमचे हे वजन करून कागदावर उतरवा. ‘अंदाजाने’ हा शब्द किचनमधून हद्दपार करा. मसाला स्वतः करून डबे भरून ठेवा, उकळायचं काम दुसऱ्याला द्या.

‘तू किचन बघ, मी बाहेरचं बघतो.’ ही वाटणी ऐकायला समान वाटते. किचनमध्ये काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. ‘बाहेरचं’ म्हणजे काय, हे नवऱ्यानं सांगितलंय का? मार्केट यार्डला पहाटे जाणं, मावशी आली नाही तर भांडी घासणं, पोरगा न सांगता गावाला गेला तर टेबल पुसणं, ड्रेनेज तुंबलं की प्लंबरला बोलावणं, रात्री अकराला गल्ला जुळवणं. यातलं काय काय ते करणार, हे त्यांच्याच अक्षरात कागदावर घ्या. त्याच्याखाली मुलीच्या दहावीचं वर्ष कोण सांभाळणार तेही. आणि शक्य असेल तर त्यांनी आठवडाभर रजा काढून एखाद्या ओळखीच्या नाश्ता सेंटरवर पहाटेपासून फुकट राबावं. भोसरीच्या नोकरीचा कंटाळा खरा असेलच. पण नोकरी नको असणं आणि हॉटेल हवं असणं हे एक नाही. आठवड्यानंतरही डोळ्यांत चमक असेल तर गडी पक्का आहे.

सासऱ्यांचे दहा लाख ही माझ्या मते गाळ्यापेक्षा मोठी जोखीम आहे. त्यांच्या आणि सासूबाईंच्या म्हातारपणासाठी बाजूला किती राहतात? हे पैसे कर्ज आहेत, भागीदारी आहे की बक्षीस? आज ‘आपलंच आहे’ म्हणून कुणी विचारणार नाही आणि दोन वर्षांनी दिराच्या तोंडून तोच प्रश्न येईल. कागद करा. त्यांना गल्ल्यावर बसवायचं असेल तर वेळ ठरवून, सकाळी दोन तास. गप्पा मारणारा गल्ला लोकांना आवडतो, फक्त सुट्टे पैसे देताना चुकायला नको.

आणि तुमचं नाव कुठे आहे? ही गोष्ट पत्रात कुठेच नाही, म्हणून मुद्दाम विचारते. अन्न परवाना, जीएसटी, बँक खातं, गाळ्याचा करार हे सगळं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर झालं, तर कायद्यानं तो त्यांचा धंदा आणि तुम्ही त्यांच्याकडे बिनपगारी. दोघांची भागीदारी करा आणि ती रजिस्ट्रारकडे नोंदवा. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या भागीदारीला बाहेरच्या माणसावर कराराच्या पैशासाठी दावा लावता येत नाही. उद्यमची (लघुउद्योगांची) नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. अन्न नोंदणी घरून विकणाऱ्यांनाही लागते. आठ वर्षांत काढली नसेल तर हॉटेल होवो न होवो, या आठवड्यात काढा.

गाळ्याचे मालक सासऱ्यांचे मित्र आहेत, म्हणून ‘कागद मागितला तर वाईट दिसेल’ असं तुम्ही लिहिलंय. यातून कायदाच तुम्हाला सोडवतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ‘काका, उद्या तुम्हालाच त्रास नको’ एवढंच म्हणायचं. करारात तीन गोष्टी बघा. तुम्हाला मधेच सोडायचं झालं तर किती महिन्यांचं भाडं अडकतं. फर्निचर-किचनच्या कामाचा महिना-दीड महिना भाड्यातून माफ आहे का. आणि धुराडं कुठून जाणार. गाळ्यावर चार मजले फ्लॅट आहेत ना? मिरचीची फोडणी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या खोलीत गेली की दुसऱ्या दिवशी सोसायटीचं पत्र येतं. एक्झॉस्टचा डक्ट गच्चीपर्यंत न्यायला सोसायटीची लेखी परवानगी हवी, तोंडी नको. अग्निशमन दलाचा दाखला आणि महापालिकेचा आरोग्य परवाना मिळणं याच गोष्टींवर अडतं. पाण्याचं वेगळं कनेक्शन आहे की सोसायटीच्या टाकीतून? पुण्यात दुरुस्तीसाठी अधूनमधून गुरुवारी पाणी बंद ठेवतात, त्या दिवशी भांडी कशाने घासणार, हेही आजच विचारा. आधीचं दुकान का बंद पडलं, हे मालकांना विचारू नका, शेजारच्या चहावाल्याला विचारा.

एक गोष्ट या गडबडीत हमखास राहते. नवऱ्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील असतील. राजीनामा दिला की ते छत्र गेलं. राजीनाम्याआधी, नोकरीत असतानाच, चौघांसाठी आणि मुलीसाठी स्वतःची पॉलिसी घ्या किंवा कंपनीच्या विम्यातून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते एचआरला विचारा. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सत्तरीतल्या सासऱ्यांसाठी ही तीन वर्षं म्हणजे किती, ते तुम्हीच बघा.

मग करायचं काय? दसऱ्याचा मुहूर्त मी तरी सोडून देईन. दसऱ्यानंतर वीस दिवसांत दिवाळी. म्हणजे हॉटेलचे पहिले आठवडे आणि तुमच्या फराळाच्या ऑर्डरी एकमेकांवर आदळणार. वर्षातली तुमची सगळ्यात भरवशाची कमाई ऐन तेव्हा जाणार आणि कामगार दिवाळीला गावी जाणार ते वेगळंच. फराळ करून घ्या. त्यानंतर तीन महिने छोटा प्रयोग करा. सहकारनगर-पद्मावती भागात संध्याकाळीच उघडणारी स्नॅक्सची, चायनीजची दुकानं आहेत. त्यांच्या मालकाच्या लेखी परवानगीनं सकाळी साडेसहा ते अकरा ती जागा भाड्यानं मिळते का बघा. शनिवार-रविवारपुरती नको, मंगळवार ते रविवार. नवऱ्यानं नोकरी सोडायची नाही. सकाळचे पहिले दोन तास उभं राहून मग ऑफिस, नाहीतर बिनपगारी रजा. आठ पदार्थ, एक हेल्पर, ओळखीच्यांना मुद्दाम सांगायचं नाही. सांगितल्याशिवाय कळेलच, आपल्या एरियात काही लपत नाही. पण आमंत्रण नको. दुसऱ्या महिन्यात रोज किती अनोळखी माणसं परत आली ते मोजा. चेहरे लक्षात राहतात.

या प्रयोगाला दीड-दोन लाख घालवायची तयारी ठेवा आणि ते स्वतःच्या साठवणीतून, सासऱ्यांकडून नको. गेले तर गेले. आणि मोठं हॉटेल काढायची वेळ आली तर तेव्हाही आधीच ठरवा, की अमुक महिने आपला पगार सुटला नाही किंवा अमुक रक्कम संपली की थांबायचं. हा आकडा शांत डोक्यानं, आज, दोघांच्या सहीनं लिहा. तोटा वाढायला लागला की कुणालाच थांबायचा आकडा सुचत नाही. त्यात स्वतःच्या गल्लीत शटर खाली ओढायचं म्हणजे लोक काय म्हणतील, या भीतीपायी माणसं आणखी सहा महिने भाडं भरत राहतात. लोक दोन आठवडे बोलतील, ताई. मग त्या गाळ्यात मोबाइलचं दुकान येईल आणि ते त्याबद्दल बोलतील.

घरात बोलताना ‘नाही’ या शब्दापासून सुरुवात करू नका. जेवणं झाल्यावर वही घेऊन बसा, सासरेही असू देत, आणि म्हणा, ‘मला हे करायचंय, म्हणूनच मला रोज १०४ माणसं कुठून येणार ते मोजायचंय.’ निगेटिव्ह म्हणाले तर पेन त्यांच्या हातात द्या.

मालकांना मात्र लगेच कळवा, ताटकळत ठेवू नका. दिवाळीनंतर बोलू, तोवर दुसरं कुणी आलं तर खुशाल द्या, असं सासऱ्यांनी स्वतः टेकडीवर सांगितलं तर मैत्रीलाही धक्का नाही. गाळा गेला तर जाऊ दे. २२ खुर्च्यांचे गाळे सहकारनगरात दरवर्षी रिकामे होतात, तुमच्या या गाळ्यातला मागचा माणूसही नुकताच उठून गेलाय.